मुलुंडचं पाणी, वाघोलीचं पाणी: तीन फुटी टाकीचे पहिले चाळीस दिवस

माशांची टाकी ३६ बाय १५ बाय १५ इंच. काठोकाठ भरली तर १३० लिटरच्या आसपास, वाळू आणि ओंडका धरून प्रत्यक्षात ११०. आत चार एंजल, बारा रमीनोज (लाल नाकाचे छोटे मासे), तळाशी फिरणारे सहा कोरी आणि काचेला चिकटणारा एक म्हातारा सकर मासा, जो आमच्या घरात माझ्या मुलीच्याही आधीपासून आहे. एक कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, शिवाय हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर. मुंबईत मुलुंडला ही टाकी पाच वर्षं एका जागी होती आणि खरं सांगायचं तर तिथे मी फार काही करतच नव्हतो. भांडुपहून येणारं तलावाचं पाणी मऊ, नळाचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ६० ते ७० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम; पुढचे टीडीएस, अमोनियाचे आकडेही त्यातच). बादली रात्रभर उघडी ठेवायची, क्लोरीन मारायला अँटिक्लोरिनचे थेंब टाकायचे, ओतायचं. एवढ्यावर एंजल खूश.

नोव्हेंबरात पुण्याजवळ वाघोलीला बिऱ्हाड हललं. तिथल्या सोसायटीचं पाणी म्हणजे बोअर आणि टँकर यांची मिसळ. फ्लॅट बघायला गेलो तेव्हा सगळे मॉड्युलर किचन बघत होते, मी खिशातून टीडीएस मीटर काढून नळाखाली धरला. ६४०. बायकोने फक्त माझ्याकडे पाहिलं.

हलवायच्या आधी

दोन दिवस मासे उपाशी. पोट रिकामं असलं की प्रवासात घाण कमी होते, अमोनिया कमी साचतो. आदल्या रात्री टाकीतलं वरचं स्वच्छ पाणी २० लिटरच्या चार जारमध्ये भरून घेतलं. जुन्या पाण्यात घाणीतला अमोनिया पचवणारे चांगले जिवाणू असतात म्हणून ते न्यायचं, असं बरेच जण सांगतात. पाण्यात ते नावापुरतेच. त्यांची वस्ती स्पंजवर, सिरॅमिक रिंगांवर, वाळूच्या कणांवर. मी पाणी नेलं ते टीडीएस आणि पीएच जपायला.

मूव्हर्सची मुलं वाळूसकट टाकी उचलायला निघाली होती, त्यांना थांबवलं. तळाशी वजन असताना टाकी तिरकी झाली की काचेचा आणि सिलिकॉनचा सांधा ताणला जातो, आणि ते कळतं दोन दिवसांनी, फरशीवर. वाळू जुन्याच पाण्यात खळबळून बादलीत भरली.

दिवस १

मासे झाकणाच्या दोन ड्रममध्ये, बॅटरीवरच्या एअर पंपासह, आमच्याच गाडीत. स्पंज फिल्टरही त्याच ड्रममध्ये चालू. सकाळी सातला निघालो, घाटात ट्रक बंद पडला होता, पोचायला दीड वाजला.

माझी पहिली चूक कॅनिस्टरची. पाण्याने भरलेला, झडपा बंद करून, तसाच डिकीत. संध्याकाळी पाचला उघडला तर कुजक्या अंड्यांचा वास. आतल्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. बंद डब्यात ते तो तासाभरात संपवतात आणि मग गुदमरतात. पाणी काढून टाकून, रिंगा नुसत्या ओल्या, उघड्या बादलीत न्यायला हव्या होत्या. रिंगा जुन्या पाण्यात दोनदा खळबळून परत लावल्या, पण त्यांच्यातलं किती जिवंत उरलंय याचा भरवसा नव्हता.

टाकी थर्माकोलच्या शीटवर ठेवली, लेव्हल पाहिली, जारमधलं ८० लिटर ओतलं. ड्रमचं पाणी तपासलं तर अमोनिया ०.५, म्हणून ते बाथरूममध्ये ओतून दिलं आणि मासे जाळीने सोडले. टाकी पाऊण भरलेली. नवीन पाणी अजून एक थेंब नाही. आई म्हणाली, "अरे, प्यायचं पाणी भरायचंय अजून, आणि तुझ्या माशांचं भरून झालं!"

दिवस २ ते ४

रात्री खोलीत १६ अंश. मुलुंडला हीटर जेमतेम दोन आठवडे लागायचा, इथे पहिल्या रात्रीपासून २७ वर लावला. खाणं बंदच. अमोनिया दुसऱ्या दिवशी ०.२५, तिसऱ्या दिवशी ०.५, चौथ्या दिवशी १. पीएच ६.८. मासे मात्र शांत.

आणि इथे मी घाबरलो. वर्षानुवर्षं इतरांना सांगत आलोय, अमोनिया दिसला की पाणी बदला. नळाचं पाणी तपासलं, पीएच ७.४ आला. म्हटलं फार फरक नाही. अँटिक्लोरिन टाकून चाळीस टक्के पाणी सरळ नळाचं घातलं. अमोनिया ०.६ वर आला, मी समाधानाने झोपलो.

दिवस ५

सकाळी दोन रमीनोज तळाशी. बाकीच्यांची लालभडक नाकं फिकट गुलाबी, एक एंजल कोपऱ्यात, कल्ले जोरजोरात हलतायत. पीएच तपासला: ७.८.

कारण नंतर जुळलं. जमिनीतून वर येणाऱ्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणून नळाखाली पीएच कमी दिसतो. हवा लागली की तो वायू उडतो आणि पीएच चढतो. त्याच नळाचं पाणी एका ग्लासात एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा खडा) लावून ठेवलं, दुसऱ्या दिवशी ८.२.

आता अमोनियाचं. किट दाखवतं तो आकडा दोन रूपांची बेरीज असते. अमोनियम माशांना फारसं बाधत नाही, मोकळा अमोनिया मारतो, आणि कोणाचा वाटा किती ते पीएच आणि तापमान ठरवतं. २७ अंशांना पीएच ६.८ असेल तर मोकळा अमोनिया अर्धा टक्काही नसतो, ७.८ ला चार टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे मी किटवरचा आकडा १ वरून ०.६ केला आणि विष पाच-सहा पट वाढवलं. वर टीडीएस एका रात्रीत १५० वरून ३५० च्या जवळ. त्या दोन माशांना नक्की कशाने मारलं ते सांगता येणार नाही. तिन्ही गोष्टी मीच केल्या होत्या.

पीएच उतरवायची औषधं हातात आली होती, ठेवून दिली. पुन्हा उलटी उडी मारून उरलेलेही गेले असते.

दिवस ५ ते १९

दोन गोष्टी केल्या. वाघोलीतल्याच एका हौशी माणसाकडून त्याच्या चालू टाकीतला वापरलेला स्पंज आणला. बदल्यात जावा फर्न या पाणवनस्पतीचा गड्डा दिला. त्याचं पाणी माझ्याच जातीचं, म्हणून जिवाणूंनाही नवं काही नव्हतं. पिशवीत घालून दहा मिनिटांत आणला, कॅनिस्टरमध्ये सगळ्यात वर बसवला.

दुसरं, स्वयंपाकघरातला आरओ. त्याचं पाणी ४०, नळाचं ६४०. दोन भाग आरओ, एक भाग नळ, म्हणजे २४० च्या जवळ. नुसतं आरओ वापरायचं नाही. त्यात पीएच धरून ठेवणारे क्षारच नसतात, आणि अमोनियाचं नायट्रेट होताना ते क्षार खर्चही होतात, मग पीएच एक दिवस धाडकन खाली येतो. मिसळ बादलीत चोवीस तास एअर स्टोन लावून, मग रोज दहा लिटर, पातळ नळीने थेंबथेंब. आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला आणि संडासाला. आई त्यावरही बोललीच.

आठव्या दिवशी नायट्राइट दिसलं (अमोनियाचं नायट्रेट होतानाचा मधला टप्पा, तोही विषारी), दहाव्या दिवशी १. मिठाचे दोन चहाचे चमचे विरघळवून घातले. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत जाऊ देत नाही, आणि त्यासाठी चिमूटभरच पुरतं. टाकी खारट करायची गरज नाही, कोरींना ते सोसतही नाही. खाणं एक दिवसाआड, एंजलच्या डोळ्याएवढं.

बाराव्या दिवसापासून अमोनिया शून्य. एकोणिसाव्या दिवशी नायट्राइटही शून्य.

दिवस ४०

टीडीएस २५५, पीएच ७.४, नायट्रेट २०. दहा रमीनोज, नाकं पुन्हा शेंदरी. मला विचाराल तर या माशासारखं टेस्ट किट नाही, फक्त ते वाचायला आपण सकाळी चहाच्या आधी टाकीपाशी जायला हवं. सकर ओंडक्याखाली, त्याला काही घडलंय हेच माहीत नसावं.

भानगड टँकरची आहे. बोअर चालू असेल तर ६४०, टँकर आला की कधी ४१०, कधी ७८०. त्यामुळे दोनास एक हे प्रमाण आता डोळे मिटून चालत नाही, दर रविवारी मीटर लावून मगच मिसळ. शिवाय गेल्या आठवड्यात लिफ्टशेजारी सूचना लागली: जमिनीखालची टाकी शनिवारी धुणार, ब्लीचिंग पावडर टाकणार. शुक्रवारी रात्रीच प्रवासातले दोन्ही ड्रम भरून घेतले. ते बाल्कनीत आहेत, एअर स्टोन चालू, आणि वर आईने तुळशीची कुंडी ठेवली आहे.