हसणाऱ्यांचं काय?
आज शाळेत पालकसभा होती, विषय मुलांमधली दादागिरी. त्रास देणाऱ्याला शिक्षा काय करायची, यावरच तासभर काथ्याकूट. मग एक आई म्हणाली, "माझ्या मुलाची वही फाडली, त्याचं त्याला एवढं वाटलं नाही. सगळा वर्ग हसला, ते लागलं."

फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला 'किवा' हा शाळेतली दादागिरी रोखण्याचा कार्यक्रम नेमका या बघ्या मुलांवर भर देतो. दादागिरीला प्रेक्षक लागतात. ते पांगले की निम्मी हवा जाते. भांडायलाच हवं असं नाही, नंतर त्या मुलाशेजारी जाऊन बसलं तरी पुष्कळ. (मी हे बोलत असताना एका बाबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. असो.) पुढच्या सभेला मुलांनाही बोलवा, असं सुचवलंय. मुख्याध्यापिका बाई 'बघू' म्हणाल्या.