गाडी पळवण्याआधी गाडीतून बाहेर पडायला शिकलो

"एका वेळी किती गाड्या पळतात?" आबांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं.

"एकच."

"मग हरवतोस कुणाला?"

आबांचं उभं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेलं. त्यामुळे त्यांचे प्रश्न नेहमी मापात असतात. मी सांगायचा प्रयत्न केला. लँड स्पीड रेसिंगमध्ये शेजारी कुणी नसतं. सपाट, कोरडं मैदान, सरळ रेघ आणि घड्याळ. इंजिनाचा आकार आणि गाडीचा प्रकार यांवरून गट पडतात आणि प्रत्येक गटाचा वेगळा विक्रम असतो. माझं १.६ लिटरचं इंजिन 'जी' गटात बसतं. त्या गटात कधीतरी कुणीतरी काढलेला आकडा, तोच माझा प्रतिस्पर्धी. आबा "बरं" म्हणाले. म्हणजे पटलं नव्हतं.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. इथून दोनेक तासांवर मोहावी वाळवंटात एल मिराज नावाचं कोरडं तळं आहे. या खेळातली मंडळी आधी म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर गाड्या पळवायची. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन (एससीटीए) ही त्यांची संघटना १९३७ सालची. पुढे म्युरॉक लष्कराकडे गेलं (आजचा एडवर्ड्स हवाई तळ तोच) आणि महायुद्धानंतर सगळे एल मिराजला आले. युटामधलं बॉनेविलचं मिठाचं मैदान जास्त प्रसिद्ध. माल्कम कॅम्पबेलने १९३५ मध्ये ताशी ३०० मैलांचा टप्पा तिथेच ओलांडला. पण माझ्यासारख्या नवख्याला एल मिराजच बरं. १.३ मैलांचा ट्रॅक, शेवटी वेग मोजायचा छोटासा पट्टा, आणि काही बिघडलंच तर रात्री आपल्या घरी झोपता येतं.

नव्वदच्या दशकातली छोटी दोन दारांची जपानी गाडी मी फक्त एका कारणासाठी घेतली. आधीच्या मालकाने तिच्यात रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, बसवलेला होता. मोठा खर्च वाचला म्हणून मी खुशीत. पहिले दोन महिने इंजिन, कॅमशाफ्ट, एक्झॉस्ट यांच्याच विचारात गेले. हिशेब मांडला तेव्हा जरा जमिनीवर आलो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. १८० वरून २०० किलोमीटरवर जायचं तर वेग अकरा टक्क्यांनी वाढतो, ताकद मात्र सदतीस टक्के जास्त लागते. तरी डोक्यात इंजिनच होतं.

एल मिराजला पळायचं तर संघटनेच्या एखाद्या क्लबचं सदस्य व्हावं लागतं. नुसते पैसे भरून भागत नाही. महिन्याच्या सभेला जायचं, खुर्च्या मांडायच्या, क्लबची पाळी आली की मैदानावर दिवसभर काम करायचं. आपल्याकडच्या गणेश मंडळासारखंच, वर्गणी कमी आणि राबणं जास्त. तिथल्या एका सत्तरीतल्या आजोबांनी घरी येऊन माझी गाडी बघितली. बॉनेट उघडायलाही सांगितलं नाही. केजच्या नळीवर जाडी मोजायचं यंत्र टेकवलं, आकडा वाचला आणि शांतपणे म्हणाले, "हा कापून टाक."

नियमाप्रमाणे नळी बाहेरून १.६२५ इंच आणि जाडीला किमान ०.१२० इंच हवी. माझी ०.०९५. वरून ती नुसत्या बोल्टांवर बसवलेली. छोट्या ट्रॅकवर वळणं घेणाऱ्या गाडीला तेवढं चालून जातं, इथे नाही. ज्याच्यासाठी गाडी घेतली तेच भंगारात गेलं.

नवीन केज बनायला साडेतीन महिने लागले आणि खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त आला. या काळात आबांना या प्रकरणात खरा रस वाटू लागला. मी फोन जवळ नेऊन जोड दाखवायचो. "इथं अंडरकट आहे, जोडाच्या कडेला खाच पडलीय. पाइपाच्या मागनं वेल्डिंग गेलंय का? टॅक मारून सोडलंय की काय?" गेलं नव्हतं. छताला लागून असलेल्या नळीच्या वरच्या बाजूला वेल्डरचा हात पोचलाच नव्हता. गाडीच्या तळाच्या पत्र्याला भोकं पाडून अख्खा केज खाली सोडला, वरचे जोड पूर्ण केले, मग केज परत वर उचलून खाली पट्ट्या लावल्या. ही युक्ती इथल्या लोकांना माहीत असते, पण मला आधी सुचली आबांमुळे.

मग आली फायरवॉल. इंजिन आणि चालक यांच्यामधल्या पत्र्यात एकही उघडं भोक चालत नाही, कारण आग लागली तर ती त्याच वाटेने आत येते. हीटर, वातानुकूलन, जुन्या वायरिंगचे गठ्ठे काढल्यावर त्या पत्र्याची चाळण झाली होती. रात्री गॅरेजमधले दिवे घालवून बायको बॉनेटखाली टॉर्च धरून उभी राहायची आणि मी आत डोकं खाली घालून उजेडाचे ठिपके शोधत खडूने खुणा करायचो. पहिल्या रात्री तेवीस भोकं सापडली. ॲल्युमिनियमचे तुकडे कापून रिव्हेट मारले. दुसऱ्या रात्री आणखी चार. एक तर पेडलच्या अगदी मागे, जिथे माझे पाय असणार.

सगळ्यात जास्त घाम मात्र बेलआउटने काढला. अंगावर आगरोधक सूट, हातमोजे, बूट, हेल्मेट, मानेचा आधार, पट्टे आवळलेले, हात बाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून दंडाला दोऱ्या, खिडकीला जाळी. अशा अवस्थेतून कुणाच्याही मदतीशिवाय झटपट बाहेर पडून दाखवायचं. तपासणीच्या वेळी अधिकारी समोर उभे असतात. पहिल्यांदा घरासमोर करून बघितलं तेव्हा बायकोच्या मोबाइलवर चौतीस सेकंद झाले. त्यातले दहा तर स्टीअरिंग काढून ते ठेवायचं कुठे या विचारात गेले. दुसऱ्यांदा दंडाची दोरी सीटमध्ये अडकली आणि मी अर्धा आत, अर्धा बाहेर लटकलो. जुलै महिना, बाहेर अडतीस अंश. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, मदतीला कुणाला बोलवू का?

रोज संध्याकाळी तीनदा, असं दोन आठवडे केलं. क्रम बदलला: आधी जाळी, मग स्टीअरिंग डॅशबोर्डवर, मग पट्टे, शेवटी डोकं. केजची तिरकी आडवी नळी नेमकी गुडघ्याला लागायची, म्हणून तिच्यावरची जाड पॅडिंग बदलून पातळ पण कडक घेतली. आकडा सोळावर आला, मग बारावर.

सप्टेंबरच्या स्पर्धेत तपासणीतच नापास झालो. कारण ऐकून हसू आलं असतं, पण पहाटे तीनला निघून ट्रेलर ओढत गेलेल्या माणसाला हसू येत नाही. एका चाकाचा हवा भरायचा व्हॉल्व्ह रबरी होता. चाक जोरात फिरलं की रबरी व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला वाकतो आणि हवा सुटू शकते, म्हणून धातूचा लागतो. तीन मी बदलले होते. चौथा टायरवाल्याने बदलला असं मी धरून चाललो. शिवाय बॅटरीची पट्टी हलत होती. दिवसभर इतरांच्या गाड्या ढकलल्या आणि तोंडभर धूळ घेऊन घरी आलो. ही धूळ तांदळाच्या पिठासारखी बारीक असते, कानातसुद्धा जाते.

ऑक्टोबरमध्ये शिक्का मिळाला. नवख्यांना आधी ट्रॅक दाखवतात, नियम समजावतात आणि वेग टप्प्याटप्प्यानेच वाढवू देतात. तसंही इंजिन मूळचंच होतं, वर्षभरात त्याला हात लावायला फुरसत झाली नव्हती. रांगेत तीन तास. मग पट्टे आवळले गेले, कुणीतरी खिडकीवर थाप मारली. तिसऱ्या गिअरपर्यंत सगळं ओळखीचं. चौथ्यात मागची चाकं मातीवर हळूच सरकली, सायकल ओल्या शेणावरून जावी तशी, आणि हात आपोआप घट्ट झाले. घट्ट धरू नकोस, असं आजोबांनी दहा वेळा बजावलं होतं. बोटं सैल केली. गाडी सरळ झाली.

कागदावर आकडा आला ताशी १०९ मैल, म्हणजे १७५ किलोमीटर. गटातल्या विक्रमाच्या जवळपासही नाही. मूळ इंजिनावर असणार कसा?

रात्री कोल्हापूरला सकाळ झाल्यावर फोन लावला. आकडा सांगितला. आबा थोडा वेळ गप्प होते.

"ते राहू दे," ते म्हणाले. "भाईर पडायला किती लागतात आता?"

"नऊ सेकंद."

"आठ कर."