उजनीच्या पाण्यातले जड धातू आणि कीटकनाशकं: नमुना घेण्याचा अनुभव

उजनीत पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेवाटे येतं, शिवाय काठच्या उसातलं खत आणि औषध. त्यामुळे धातू आणि कीटकनाशकं दोन्ही बघावी लागतात, आणि दोन्हींच्या बाटल्या वेगळ्या.

धातूंसाठी आम्ही एचडीपीई (जाड प्लास्टिकची) बाटली वापरतो. 10 टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर ठेवून डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने तीन-चारदा विसळलेली. नमुन्यात लिटरमागे दीड-दोन मिली ट्रेस मेटल ग्रेडचं (धातूंचा अंश जवळजवळ नसलेलं) नायट्रिक टाकून पीएच 2 च्या खाली आणायचा. नाहीतर शिसं बाटलीच्या भिंतीला धरतं आणि अहवालात आकडा खोटा कमी येतो. नुसते विरघळलेले धातू हवे असतील तर आधी 0.45 मायक्रॉनचा फिल्टर, मग ॲसिड. उलट केलं की गाळकणांवरचे धातूही सुटून पाण्यात उतरतात.

कीटकनाशकांना तपकिरी काच आणि टेफ्लॉन अस्तराचं झाकण. ही बाटली नमुन्याच्या पाण्याने विसळायची नाही. औषधाचा अंश काचेला चिकटून राहतो. बर्फाच्या पेटीतून नेऊन सात दिवसांत एक्स्ट्रॅक्शन (पाण्यातून कीटकनाशक वेगळं काढणं) झालं पाहिजे.

काठावरून बादली टाकून भरलेलं पाणी जलाशयाचं नव्हे, काठाचं. होडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवायची, इंजिन बंद, नमुना होडीच्या पुढच्या टोकाकडून. जलपर्णीत हे बोलण्याइतकं सोपं नसतं. उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात, म्हणून व्हॅन डॉर्न सॅम्पलरने (हव्या त्या खोलीवर झाकणं बंद होणारी नळी) पृष्ठभागाखाली अर्धा मीटर आणि तळापासून एक मीटर वर असे दोन नमुने. तळाशी ऑक्सिजन संपला की गाळातून लोह, मँगनीज आणि फॉस्फेट सुटतं. तेवढ्यावरून कारखान्याकडे बोट दाखवू नये. सॅम्पलर तळाला टेकला तर पाणी गढूळ येतं, ते फेकून होडी थोडी सरकवायची. सॅम्पलर बंद करायला दोरीवरून सोडायचं वजन पितळी असेल तर तांबं-जस्ताचा आकडा संशयास्पद धरावा.

प्रत्येक फेरीत एक फील्ड ब्लँक (बाहेरून काही मिसळलं का हे तपासायचा कोरा नमुना) हवाच: डीआयोनाइज्ड पाणी होडीतच बाटलीत ओतायचं, त्यातही तेवढंच ॲसिड. ब्लँकमध्ये जस्त दिसलं तर त्या दिवशीचे जस्ताचे आकडे बाजूला.

पैसे भरण्याआधी प्रयोगशाळेला कॅडमियमची रिपोर्टिंग लिमिट, म्हणजे अहवालात देता येणारा सर्वात कमी आकडा, विचारा. आयएस 10500 मध्ये पिण्याच्या पाण्याला मर्यादा लिटरला 0.003 मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेची लिमिट 0.01 असेल तर 'बीडीएल' (मोजता येण्यापेक्षा कमी) या शेऱ्याला काही किंमत नाही. आयसीपी-एमएस (अत्यल्प धातू मोजणारं यंत्र) असलेली प्रयोगशाळा गाठा.