गण्या दवाखान्यात आहे

आज सकाळपासून आमचा बोका गण्या वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, उठतोय, पुन्हा बसतोय. आईचं निदान तयार: "पोट साफ होत नाहीये, एरंडेल दे चमचाभर." पण ट्रे पाहिला तर वाळू कोरडी ठणठणीत. पोटाला हात लावला, तर मागच्या बाजूला लिंबाएवढं टणक काहीतरी लागलं आणि एरवी नखं काढायचाही कंटाळा करणारा हा प्राणी चक्क गुरगुरला. तसाच टोपलीत घातला आणि रिक्षा पकडली.

डॉक्टर म्हणाले, "लघवी तुंबलीय." बोक्याची मूत्रनलिका मांजरीपेक्षा अरुंद असते, बारीक खडे किंवा चिकटा अडकला की वाट बंद. मग रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयावर ताण येतो आणि एक-दोन दिवसांत जीवही जाऊ शकतो. हे ऐकून माझेच पाय लटपटले. भूल देऊन नळी घातली, तेव्हा पिशवीत लालसर लघवी उतरताना मला झालेला आनंद कुणाला सांगून पटायचा नाही!

घरी बोका असेल आणि तो असा नुसताच जोर करत बसत असेल तर उद्यावर ढकलू नका, घरगुती औषधं तर नकोच.

गण्या आज तिथेच राहणार आहे, सलाईनवर. यापुढे कोरडं खाणं कमी, पाणी जास्त. आईचा आत्तापर्यंत तीनदा फोन: "जेवला का गं तो?"