तीन टिंबं

"सर, म्हणजे आत किती आकडे आलेत हे त्या प्रिंटएफ फंक्शनला कळतच नाही?"

नव्या मुलीनं विचारलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

प्रोग्रामच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) रकमेशेजारी भलताच आकडा येत होता. तासभर डेटाबेस उकरला. चूक निघाली सी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका ओळीत: मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफला पर्सेंट-डी ("इथे आकडा छाप" ही खूण) दोन, पुढे आकडा देणारं व्हेरिएबल एकच.

प्रिंटएफ म्हणजे पंगत न बघता यादीवरून वाढणारा वाढपी. पर्सेंटची चिन्हं मोजायची, तितके आकडे उचलायचे. दुसरा आलाच नसेल, तर प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये (आकडे तात्पुरते ठेवायच्या जागेत) जे पडलेलं असेल ते.

कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरनं वॉर्निंग दिली असती. ती आम्हीच बंद केलेली. (कोणी, ते विचारू नका.)

वीस वर्षं प्रिंटएफच्या डिक्लेरेशनमधली (फंक्शन काय घेतं ते सांगणाऱ्या ओळीतली) ती तीन टिंबं, म्हणजे "पुढे कितीही येऊ द्या", बघतोय. मला का नाही पडला हा प्रश्न?