तिसरा नंबर

ब्रायटर लेटर तिसरा. काल दादाच्या गच्चीवर आम्ही निक ड्रेक या इंग्लिश गायक-गिटारवादकाच्या रेकॉर्डींना नंबर देत होतो, त्यात एवढंच झालं, आणि आज मी हिंजवडीला पोचेपर्यंत बसमध्ये तेच उगाळत बसले होते. निक ड्रेकच्या रेकॉर्डी मुळात तीन, त्यामुळे तिसरा म्हणजे शेवटचा. पिंक मून पहिला यावर कुणाचं दुमत नव्हतं, फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट दुसरा की पहिला यावर थोडी हुज्जत झाली, आणि माझ्या रेकॉर्डची, ब्रायटर लेटरची, वेळ आली तेव्हा आमच्यातला बंगलोरवाला म्हणाला, "हॉटेलच्या लॉबीत लावतात ना यार ते, सॅक्सोफोन काय, मागे बायका काय गातायत." सगळे हसले. दादा पण हसला. बाकीच्यांचं ठीक आहे, पण दादाने हसायला नको होतं, त्यानेच तर मला ही रेकॉर्ड दिली होती.

मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर आवाज कापला असता. आणि त्या गच्चीवर अजून किती शनिवार मिळणारेत, रिडेव्हलपमेंटची सही झालीच आहे, वहिनी पण... असो. तो विषय आज नको.

पिंक मून मला आवडत नाही असं मुळीच नाही. ऑक्टोबर १९७१, लंडनचा साउंड टेक्निक्स स्टुडिओ, दोन रात्री, तो आणि इंजिनिअर जॉन वुड, बस. गिटार, आवाज, आणि पहिल्या गाण्यात वरून घातलेला जरासा पियानो. २८ मिनिटांत खेळ खल्लास. मी ती ऐकते तेव्हा दुसरं काही करत नाही. पण लोक ती लावताना आधी नोव्हेंबर १९७४ सांगतात, २६व्या वर्षी गेला हो, आणि मग सुई टेकवतात, मग ती निरोपाची चिठ्ठीच वाटणार ना. अरे पण पिंक मूननंतर, १९७४ मध्येच, तो परत त्याच जॉन वुडकडे गेला होता, नवीन गाणी रेकॉर्ड करून आला होता! आणि पिंक मूनचं शेवटचं गाणं तर सकाळचं आहे, त्याच्या थडग्यावर ओळ कोरलीय ती त्याच गाण्यातली. तिथे कुणाला काही उजेड दिसत नाही का?

बाबांचं पण असंच व्हायचं. कुमारजींचा विषय निघाला की कुणीतरी हटकून क्षय, एक निकामी फुप्फुस हे सुरू करायचं आणि बाबा तडकायचे, "आधी सूर ऐका रे, फुप्फुसाचं नंतर बघू."

मला जे काल बोलायचं होतं ते हे. ब्रायटर लेटरमध्ये त्याच्याभोवती केवढी माणसं आहेत, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश फोक-रॉक बँडचे डेव्ह पेग आणि डेव्ह मॅटॅक्स, केंब्रिजपासूनचा मित्र रॉबर्ट कर्बीने बांधलेलं व्हायोलिन-ब्रास, दोन गाण्यांत चक्क व्हेल्व्हेट अंडरग्राउंड बँडमधला जॉन केल, आणि हा पठ्ठ्या या सगळ्यांच्या मधे त्याच खालच्या आवाजात गातोय, एक इंच वर चढवत नाही. एकट्या खोलीत एकटं असणं मला समजतं. पण एवढा बँड वाजतोय आणि तरी हा त्यांच्यात नाहीये, हे मला पिंक मूनपेक्षा जास्त एकटं वाटतं. सांगलीहून आले तेव्हा सदाशिव पेठेतल्या त्या कॉट बेसिसच्या खोलीत तीन पोरी, खाली मेस, समोर क्लासची गर्दी, चोवीस तास आवाज, आणि माझ्याशी कामाशिवाय कुणी बोलायचं नाही. त्या वर्षी ही रेकॉर्ड माझ्यासोबत होती. ती लॉबीतली कशी असेल? मला तेव्हा कुठलीही लॉबी माहीतच नव्हती.

दुपारी जेवणानंतर दुसरी बाजू लावली. पुअर बॉय आलं. बंगलोरवाला ज्या बायकांवर हसला त्या म्हणजे पॅट अर्नल्ड आणि डोरिस ट्रॉय, आणि त्या काय गातायत हे त्याने कधी ऐकलंय का कोण जाणे, त्या या पोराला सांगतायत की बघा बिचारा, स्वतःचीच किती कीव करतोय. हे त्याने स्वतः लिहिलंय, स्वतःच्या तोंडावर म्हणवून घेतलंय, आणि मागून तो सॅक्सोफोन मस्त मजेत वाजतोय. सहा मिनिटांहून मोठं गाणं आहे. कालपासूनचं माझ्या छातीवरचं ओझं त्या सहा मिनिटांत बरंच उतरलं. दादा हसला तर हसला. तो पिंक मूनवाला आहे, त्याचं वर्ष कसं गेलंय ते मला माहितीय, त्याला सध्या तीच लागणार.

या रेकॉर्डी आल्या तेव्हा एकही पाच हजारसुद्धा खपली नव्हती. आता पुण्यात एका गच्चीवर सहा जण त्यांचा पहिला-दुसरा लावत भांडतात, हे काही वाईट नाही.

पुढच्या शनिवारी जाणारे. गप्पा नंतर, आधी दुसरी बाजू मधे न थांबता लावायची, एवढं मात्र मी सांगणार. नॉर्दर्न स्काय या गाण्यात केलचा सेलेस्टा, घंट्यांसारखा वाजणारा छोटा पियानो, येतो तिथे दादाकडे बघणार. बाकी बंगलोरवाल्याचा तिसरा नंबर तिसराच राहील बहुतेक, राहू दे.