मावशींची वही आणि माझं एक्सेल

मागच्या पावसाळ्यात आमच्या पुण्यातल्या शेडवर ऑडिट झालं त्या दिवसाबद्दल. आम्ही पीईटी, म्हणजे पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन फ्लेक्स, म्हणजे प्लास्टिकचे बारीक तुकडे बनवतो, माझं काम एक्सेल, किती टन आले किती गेले. रिपोर्टमधे 'सामाजिक' म्हणून एक पान असतं, ते मी दरवेळी शेवटच्या रात्री भरतो, खोटं कशाला बोलू.

सकाळी सगळ्या बायकांना नवे ग्लोव्हज वाटले. दहा मिनिटांत ते कमरेला खोचलेले! ऑडिटर मॅडमनी विचारलं तर एक मावशी म्हणाल्या, "हातमोज्यात माल कळत नाय ओ ताई," आणि न बघता एक पिशवी चुरगळून दाखवली, करकरली म्हणजे पीपी, मऊ लागली की एलडी, प्लास्टिकचेच दोन प्रकार.

या मावशी 1993 ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली तेव्हा आईबरोबर गोणी घेऊन फिरायच्या, आता दारोदार कचरा घेतात आणि सुका माल आम्हाला विकतात. मॅडमनी सहज विचारलं की वजनाचा हिशोब कसा ठेवता. मावशींनी पिशवीतून मुलीची जुनी शाळेची वही काढली. तारीख, वजन, घट, पैसे. 42 किलो, घट 4, पैसे 38 चे.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या, म्हणाल्या तुमची शीट दाखवा. माझ्याकडे त्याच तारखेला त्याच नावापुढे 42. कारण मी गेटवरचं वजन घ्यायचो, पैसे अकाउंट्सवाले बघायचे, दोन्ही कागद शेजारी ठेवून कधी कोणी बघितलेच नव्हते. बाटल्यांत पाणी असतं म्हणून घट धरतात, बरोबरच आहे, पण मग आमचा रिपोर्ट ज्या ब्रँडला जातो त्याला ते पाणी मी प्लास्टिक म्हणून दाखवत होतो की! मॅनेजर पावसाचं समजावत होते तेवढ्यात मॅडमनी पानं मागं उलटली. मे महिना. कडक ऊन, घट तरी 4 च.

शेडमधे कोणी काही बोललं नाही, फक्त मावशी म्हणाल्या वही परत द्या, पोरीची हाय.

गंमत म्हणजे रिपोर्टमधे ही नोंद 'मालाचा ताळेबंद' या रकान्यात गेली. सामाजिकच्या पानावर ग्लोव्हजना टिक मिळाली.

नंतर महिनाभर ऑफिसात डोकं फोडल्यावर उन्हाळ्यातल्या घटीचे पैसे परत द्यायचं ठरलं, पण पुरावा असेल त्यांनाच, आणि पुरावा एकट्या मावशींकडे. आता बाकीच्याही लिहितात, काट्याजवळ दोरीला पेन बांधलंय, ज्यांना लिहिता येत नाही त्या मलाच हाक मारतात.